विदर्भाच्या खेड्यात ‘लाइन’ समजून घेण्याची रीत

साताऱ्याकडच्या एक मॅडम आमच्या शाळेवर रुजू झाल्या, त्याला आता तीन वर्षं होतील. गावात खोली घेतली, सामान लावलं, आणि दुसऱ्याच दिवशी पहाटे पाचला घरमालकीण काकूंनी दार वाजवलं. “मॅडम, उठा, लाइन आली! बकेटी काढा लवकर!” मॅडम बिचाऱ्या दोन बादल्या घेऊन फाटकाबाहेर जाऊन उभ्या राहिल्या. टँकर आला असेल, बायकांची रांग लागली असेल, असा त्यांचा हिशेब. रस्त्यावर एक कुत्रं सोडलं तर कोणी नव्हतं. आत काकू बोअरची मोटार चालू करून अंगणातल्या नळाखाली गुंड, म्हणजे पाण्याचा हंडा, लावत होत्या.

तेव्हापासून गावात नवा माणूस आला, की मी त्याला चहाला बोलावतो आणि हा एक शब्द शिकवतो. मग तो शिक्षक असो, ग्रामसेवक असो, बँकेतला असो की उपकेंद्रातली नर्सताई. वऱ्हाडी शब्द लोक आपणहून विचारून घेतात. वावर म्हणजे शेत, धुरा म्हणजे बांध, काऊन म्हणजे का, हे आठ दिवसांत जमतं. ‘लाइन’ मात्र कोणी विचारत नाही, कारण तो आपल्याला येतोच असं प्रत्येकाला वाटतं. घोळ तिथंच होतो.

पहिली पायरी: नाम सोडा, क्रियापद धरा

‘लाइन’ ऐकू आल्याबरोबर अर्थ लावायला जाऊ नका. पुढचं क्रियापद येईपर्यंत थांबा. गेली, आली, काढली, कापली, तुटली, फुटली, सोडली, लागली, मारली: खरी बातमी या शब्दांत असते, लाइन नुसती पुढं बसलेली असते. एक छोटी वही करा आणि पहिला महिना ऐकलेली वाक्यं जशीच्या तशी उतरवा. बोलणारा कोण होता आणि कुठं उभा होता, हेही लिहा. चक्कीवर उभ्या माणसाची लाइन आणि बँकेच्या पायरीवर बसलेल्या माणसाची लाइन एक नसते.

दुसरी पायरी: आधी वीज समजा

दुसरा काही पुरावा नसेल तर लाइन म्हणजे वीज. “लाइन हाय का?” हा फोनवरचा पहिला प्रश्न असतो. त्यात चक्की चालू आहे का, झेरॉक्स निघेल का, येऊन उपयोग आहे का, एवढं सगळं आलं.

आता क्रियापदं पाहा. ‘लाइन गेली’ म्हणजे ती आपणहून गेली, कोणाचा दोष नाही. ‘लाइन काढली’ म्हणजे कोणीतरी मुद्दाम बंद केली. आभाळ भरून आलं, वारा सुटला किंवा खांबावर काम निघालं की काढतात. ‘लाइन कापली’ म्हणजे बिल थकलं होतं. हे तिसरं क्रियापद चारचौघांत कोणाच्या घराबद्दल वापरू नका, लोकांना फार लागतं. ‘लाइन डीम आहे’ म्हणजे व्होल्टेज कमी आहे. पंखा फिरेल, पण मोटार लावाल तर जळेल. ‘लाइन जाऊन-येऊन राहिली’ असं कानावर आलं तर फ्रिजचा प्लग काढून ठेवा.

गेली म्हटल्यावर लगेच विचारायचं: कुठून गेली? यावर मिळणारं उत्तर म्हणजे तुमच्या पुढच्या काही तासांचं वेळापत्रक. “डीओ उडाला” म्हणजे ट्रान्सफॉर्मरजवळचा फ्यूज गेला. लाइनमनभाऊ आले की काम होतं. “डीपी जळली” म्हणजे ट्रान्सफॉर्मरच गेला, आता दिवस मोजा आणि शेजाऱ्याच्या विहिरीशी ओळख वाढवा. “वरूनच गेली” म्हणजे सबस्टेशनच्याही मागं कुठंतरी बिघाड आहे. मग आजूबाजूची गावंही अंधारात असतात आणि कोणाला फोन करून फायदा नसतो. लाइनमनचा नंबर पहिल्याच दिवशी घ्या. तक्रारीसाठी १९१२ आहेच. काही गावकरी वाळल्या बांबूनं डीओ बसवतात, ते पाहून आपण शहाणपण करायचं नाही. त्यांच्यातलीही माणसं त्यात गेली आहेत.

बाहेरून आलेल्याला सगळ्यात कोड्यात टाकणारं वाक्य वेगळंच आहे. संध्याकाळी गावात लख्ख उजेड असतो आणि एखादा शेतकरी म्हणतो, “लाइनच नाही तं ओलीत कसं करू?” ओलीत म्हणजे पिकाला पाणी देणं. तो खोटं बोलत नाही. खेड्यात बहुतेक ठिकाणी वीज दोन वाटांनी येते. गावठाणाचा फीडर वेगळा, शेतीचा वेगळा. घरातल्या दिव्याला सिंगल फेज पुरतो, वावरातल्या पंपाला थ्री फेज लागतो. शेतीच्या फीडरवर तो ठरावीक तासच, पाळीपाळीनं मिळतो. काही दिवस दिवसाची लाइन, काही दिवस रातची लाइन. सौर पंप आले, तिथं हे गाऱ्हाणं थोडं कमी झालं. बाकीच्यांचं डिसेंबरातलं गहू-हरभऱ्याचं ओलीत अजूनही टॉर्च आणि शेकोटीच्या भरवशावर चालतं.

शिक्षकांनी ‘रातची लाइन’ हे दोन शब्द पाठच करावेत. सकाळच्या पालकसभेला बाप आला नाही, वर्गात सहावीतलं पोर डुलक्या देतं, विचारलं तर सांगतं, “सर, रातची लाइन होती.” बाप रात्रभर पाणी फिरवत होता आणि पोरगं कंदील धरून धुऱ्यावर बसलं होतं. त्या आठवड्यात सभा दुपारी चारला ठेवा. आळशीपणाचा शेरा मी स्वतः नोकरीच्या पहिल्या वर्षी एका पोराच्या प्रगतिपुस्तकावर लिहिला होता. मी याच जिल्ह्यातला असून.

लाइनमन खांबाखाली उभा राहून “एलसी भेटली का?” असं ओरडत असेल तर गोंधळू नका. शाळेचा दाखला कोणी मागत नाही, त्याला आमच्याकडं टीसी म्हणतात. एलसी म्हणजे लाइन क्लिअर: सबस्टेशनवरून वीज बंद केली, आता वर चढायला हरकत नाही, अशी परवानगी. तिथूनच हा शब्द गावभर पसरला. लग्नाच्या बोलणीत मुलीकडून होकार आला की मध्यस्थ म्हणतो, “लाइन क्लिअर हाय.”

तिसरी पायरी: ‘तुटली’, ‘फुटली’ आणि ‘सोडली’ यांत चूक करू नका

बाकी चुका झाल्या तर लोक हसतील. या तीन शब्दांत चूक झाली तर जीव जाईल, म्हणून इथं जरा थांबतो.

‘लाइन फुटली’ म्हणजे नळयोजनेची पाइपलाइन फुटली. रस्त्यावर चिखल झाला, दोन दिवस पाणी नाही, इतकंच. ‘लाइन तुटली’ म्हणजे विजेची तार खाली पडली. वादळानंतर कोणी असं ओरडलं तर पुढं जाऊन पाहायचं नाही. ओल्या जमिनीतून करंट पसरतो, त्यामुळं तारेला हात लावला नाही तरी धोका असतो. निदान दहा मीटर लांब राहा. पोरंढोरं आणि गुरं मागं घ्या, लाइनमनला फोन करा. तार शांत पडली आहे म्हणजे तिच्यात वीज नाही, असं कधी धरून चालू नका.

‘सोडली’ मात्र तिहेरी आहे. सबस्टेशनवाल्यानं लाइन सोडली म्हणजे वीज पुरवठा सुरू केला: आनंदाची बातमी. एखाद्यानं लाइन सोडली म्हणजे धंदा सोडला: “तो पहिले मटक्यात होता, आता ती लाइन सोडली त्यानं.” आणि हळू आवाजात, इकडंतिकडं पाहून सांगितलेलं तिसरं: “त्याच्या तारेत लाइन सोडून असते.” म्हणजे रानडुकरं पिकात येऊ नयेत म्हणून कुंपणाच्या तारेला थेट विजेची जोड दिलेली आहे.

हे बेकायदा आहे. यात वाघ मेले, बिबटे मेले, आणि रात्री पाणी द्यायला निघालेली माणसंही मेली. शेतकऱ्याची अडचण मला कळते. चार महिन्यांचं पीक एका रात्रीत डुकरांचा कळप लोळवून जातो आणि नुकसानीचे कागद करता करता दुसरा हंगाम येतो. तरीही तारेतली लाइन डुकरात आणि माणसात फरक करत नाही. झटका मशीन ही वेगळी गोष्ट. ती बॅटरीवर चालते, थांबून थांबून धक्का देते, जनावर दचकून पळतं, मरत नाही. नव्या माणसानं एवढं पाळावं: अंधार पडल्यावर कोणाच्या वावरातून आडवं जायचं नाही, लांब पडली तरी पांदणीनंच, म्हणजे शेताकडच्या वाटेनंच, जायचं. सोबतचा माणूस “इकडून नोका येऊ सर” म्हणाला तर कारण विचारत बसू नका, वळा.

चौथी पायरी: लाइनीत, लाइनीले, लाइनमध्ये, लाइनवर

इथं थोडं व्याकरण आहे, पण पोटासाठी शिकण्यासारखं.

‘लाइनीत’ म्हणजे रांगेत. आमच्याकडं रांगेत उभं राहत नाहीत, लाइनीत ‘लागतात’. “लाइनीत लागा जी” असं बँकेचा शिपाई म्हणाला तर तो तुम्हाला कामाला लावत नाही, मागं उभं राहायला सांगतो. रांग माणसांचीच असेल असंही नाही. निराधारच्या पैशाच्या दिवशी बँकेच्या पायरीवर पासबुकं, पिशव्या आणि चपला ओळीनं ठेवलेल्या दिसतील, म्हाताऱ्या समोरच्या निंबाखाली बसलेल्या असतील. ती चपलांची ओळ म्हणजेच लाइन. ती ओलांडून खिडकीशी गेलात तर निंबाखालून जे ऐकू येईल, ते वहीत लिहिण्यासारखं नसतं.

कापसाची लाइन सगळ्यात लांब. दिवाळीनंतर जिनिंगसमोर आणि खरेदी केंद्रासमोर ट्रॅक्टर, मेटाडोर, बंड्या लागतात. “लाइनीत आहो” असा घरी फोन आला म्हणजे आज जेवायला वाट पाहायची नाही, माणूस गाडीखालीच झोपणार. त्या रस्त्यानं त्या दिवसांत एसटीनं जाणार असाल तर एक गाडी आधीची धरा. भक्तीतही लाइन असते. शेगावला दर्शनाला निघालेल्यांना “समाधीच्या लाइनीत लागता का मुखदर्शनाच्या?” असं विचारतात, परतीची गाडी जवळ आली असेल तर मुखदर्शन.

‘लाइनीले लागणे’ म्हणजे मार्गी लागणे. “पोरगं लाइनीले लागलं” म्हणजे नोकरी लागली, दुकान टाकलं, किंवा निदान रोज सकाळी कुठंतरी जायला लागलं. मॅडमनी ‘लाइनीत’ आणि ‘लाइनीले’ यांची एकदा अदलाबदल केली. सरपंचांना त्या म्हणाल्या, “तुमचा मुलगा लाइनीत लागला, ऐकून आनंद झाला.” सरपंचांना वाटलं, पोरगं रेशनच्या दुकानासमोर उभं दिसलं.

‘लाइनमध्ये’ म्हणजे धंद्यात किंवा शाखेत. “कोणत्या लाइनमध्ये आहे?” हा प्रश्न एसटीत हमखास येतो, आणि त्याचं उत्तर एका शब्दात द्यायचं असतं: मास्तरकी, मेडिकल, बांधकाम. दहावीच्या पोरांसाठी सायन्स लाइन, आर्ट्स लाइन. ‘लाइनवर’ म्हणजे दोन गोष्टी: माणूस फोनवर आहे, किंवा लाइनमन खांबावर चढलेला आहे. ‘लाइनवर आणणे’ म्हणजे सरळ करणे. हे नवऱ्याबद्दल आणि बैलाबद्दल सारखंच बोललं जातं.

नुसती ‘लाइन लागली’ असेल तर रांग. ‘लाइन लागत नाही’ असेल तर फोन लागत नाही.

पाचवी पायरी: ‘ऑनलाइन’ हे काम आहे, ठिकाण नव्हे

शहरात माणूस ऑनलाइन असतो. खेड्यात कागद ऑनलाइन होतो. “माझं ऑनलाइन झालं नाही” याचा अर्थ त्याच्या मोबाइलात नेट नाही, असा नाही. त्याची पीकविम्याची नोंद, शिष्यवृत्तीचा अर्ज किंवा सातबाऱ्यावरचा फेरफार यांपैकी काहीतरी सरकारी पडद्यावर चढलेलं नाही, आणि म्हणून पैसा अडकलेला आहे. २०२१पासून ई-पीक पाहणीही मोबाइलवर आली. तेव्हापासून पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, ओळीत उभं राहून आकाशाकडं फोन धरलेले शेतकरी दिसू लागले. नवीन ग्रामसेवकानं किंवा तलाठ्यानं ‘ऑनलाइन’ ऐकलं की लगेच विचारावं: कायचं ऑनलाइन? त्याशिवाय पुढं बोलण्यात अर्थ नाही.

सहावी पायरी: पत्ता विचारताना

रेल्वेची लाइन म्हणजे पत्ता. मूर्तिजापूर, बडनेरा, पुलगाव अशा गावांत ‘लाइनीपलीकडं’ हा अर्ध्या गावाचा पत्ता असतो. गंमत अशी की लाइनीवर गाडी असलीच पाहिजे असं नाही. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही ‘शकुंतला’ नावाच्या जुन्या गाडीची नॅरोगेज लाइन, सगळी मिळून सुमारे १९० किलोमीटर. १९९४पर्यंत तिला वाफेचं इंजिन ओढत होतं, मग डिझेल आलं, आणि आता गेली काही वर्षं गाडीच नाही. रुळांत गवत वाढलं. तरी लोक “लाइनीजवळच्या पिंपळापाशी उतरा” असंच सांगतात. रूळ दिसत नसतील तर पिंपळ शोधा.

यवतमाळकडं कोणी ‘नवी लाइन’ म्हणालं तर ती वर्धा-यवतमाळ-नांदेड. तिच्यावर वर्ध्याहून कळंबपर्यंत गाडी फेब्रुवारी २०२४मध्ये सुरू झाली. “आमचं वावर लाइनीत गेलं” म्हणजे जमीन रेल्वेनं घेतली. इथं ‘गेलं’ पाहून विजेचा अर्थ लावू नका, आणि मोबदला किती मिळाला हे पहिल्या भेटीत विचारू नका. भावाभावांत त्यावरून बोलणं बंद असू शकतं.

नागपूरला सिव्हिल लाइन्स. तिथं रांगही नाही आणि रूळही नाहीत. इंग्रजांच्या काळात साहेबांच्या बंगल्यांची वस्ती होती, आता विधानभवन आणि हायकोर्ट आहे. पोलीस लाइन म्हणजे पोलिसांची घरं. गावचा माणूस “सिव्हिल लाइनले जाऊन राहिलो” म्हणाला तर त्याच्या हातातली फाइल पाहा, सगळं कळेल.

सातवी पायरी: मिस्त्री, शेतकरी, जंगलवाले

घरकुलाचं काम निघालं की मिस्त्री पहिल्यांदा लाइनदोरी मागतो. दोन खुंट्यांमध्ये ताणलेली ती सुताची दोरी. तिच्या अंदाजानं चुन्याची लाइन आखतात, मग खोदकाम. मला विचाराल तर ‘लाइन’चा सगळ्यात अस्सल अर्थ याच मिस्त्रीच्या हातात आहे. हा इंग्रजी शब्द लॅटिनमधल्या ‘लिनिया’वरून आला. त्याचा अर्थ जवसाच्या झाडाच्या धाग्याची दोरी. जवस म्हणजे लॅटिनमध्ये ‘लिनम’. लिननचं कापड आणि कोटाच्या आतलं लायनिंग हेही त्याच घरचे. आमच्याकडं जवसाची चटणी करतात, शब्द तेवढा फिरून विजेच्या खांबावर चढला.

पेरणीत मात्र लाइन कमी ऐकाल. पिकाच्या ओळीला तास म्हणतात. “बायांनी चार तास निंदले” म्हणजे चार ओळी, वेळ कितीही लागो. मजुरीचा हिशेब लिहिणाऱ्यानं हे आधी विचारून घ्यावं. ठिबकची मेन लाइन असते, बारीक ती नळी.

मेळघाट किंवा ताडोब्याच्या बाजूला बदली झाली असेल तर आणखी एक: फायर लाइन, म्हणजे जाळरेषा. उन्हाळ्याच्या आधी वनखातं जंगलात पट्टे काढून तिथलं गवत-पाला स्वतःच जाळून टाकतं, म्हणजे वणवा लागला तरी पुढं सरकू नये. धूर दिसला की प्रत्येक वेळी घाबरायचं कारण नाही. पण मोहाच्या दिवसांत झाडाखाली लावलेली आग वेगळी. ती दिसली तर वनरक्षकाला किंवा १९२६वर कळवा.

आठवी पायरी: तरुणांसाठी, थोडक्यात

वहीवर लाइन मारणं हे शाळेतलं काम. कोणावर लाइन मारणं हे नाही. ‘वर’ कशाच्या पुढं लागतो, तेवढं पाहा. ‘लाइन देणे’ याचे दोन अर्थ आहेत आणि दुसरा वीज कंपनीशी संबंधित नाही. “ती लाइन देऊन राहिली” असं कोणी कानात सांगितलं तर विश्वास ठेवू नका. गाव लहान असतं, संध्याकाळपर्यंत तिच्या काकापर्यंत जातं. कबड्डीच्या मैदानावरची बोनस लाइन तेवढी बिनधोक, आणि तीही समोर सहा-सात गडी असतील तरच गुण देते.

शेवटची पायरी: सराव

महिना संपला की वही मिटा आणि हे वाचा. शेजारचा भाऊ सकाळी अकराला तुमच्या ओट्यावर येऊन टेकला आहे:

“काय सांगू सर, काल रातची लाइन होती म्हून वावरातच होतो. बारा वाजता लाइन डीम झाली, अन् मंग गेलीच. लाइनमनले फोन लावला तं लाइन लागेना. सकाळी बँकेत लाइनीत लागलो, तं साहेब म्हणते तुमचं ऑनलाइन झालं नाही. आता लाइनीपलीकडच्या सेतूत जातो. पोरगं लाइनीले लागलं असतं तं आज त्याच्या गाडीवर गेलो असतो.”

आठ वेळा आलं. पहिली दोन वीज, तिसरा माणूस, चौथा फोन, पाचवी रांग, सहावा अडकलेला कागद, सातवे रूळ, आठवी नोकरी. एखादं चुकलं असेल तर त्याला परत विचारू नका. तो काल रात्रीपासून झोपलेला नाही, आणि सेतू केंद्रातही लाइन असणारच. चहा ठेवा.